वालचंदांचं विमान

बँकेत प्रत्येक कर्जप्रकरणाच्या शेवटी अधिकाऱ्याला एक ओळ लिहावी लागे : शिफारस आहे, किंवा नाही. नाशिकच्या शाखेत असताना अशी एक ‘नाही’ मी लिहिली. सातपूरच्या एका गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेल्या तरुणाला ओझरच्या विमान कारखान्यासाठी सुटे भाग करायचे होते. तारण नव्हतं आणि गिऱ्हाईक एकच. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. निवृत्तीनंतर वालचंद हिराचंद यांच्या आयुष्याविषयी वाचू लागलो, तेव्हा ती फाइल पुन्हा डोळ्यांपुढे आली. वालचंदांचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर तिथंही मी ‘नाही’च लिहिलं असतं!

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसाच्या घरी सावकारीची आणि कापसाची पेढी होती. गादीवर बसून व्याज मोजायचं, एवढं पुरेसं होतं. पण वालचंदांचं मन तिथं रमलं नाही. रेल्वेतली कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून ते ठेकेदारीत उतरले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात करून ही जोडी बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत पोचली. १९१९ साली ‘सिंदिया’ कंपनी काढून त्यांनी समुद्रावरच्या ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान दिलं. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आज तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ते जहाज मात्र काही वर्षांतच मोडीत निघालं.

१९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. चीनमध्ये जे होतं ते आपल्याकडे का नाही, हा प्रश्न वालचंदांनी मनातच ठेवला नाही. दिल्लीचं सरकार आधी थंड होतं. युद्धाची झळ जवळ येऊ लागली तसं ते हललं. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरात सातशे एकर जमीन दिली आणि संस्थानाचे पंचवीस लाख रुपये घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी चार कोटींच्या अधिकृत भांडवलाची ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ नोंदली गेली. देशात विमान बांधल्याचा अनुभव नाही, यंत्रं अमेरिकेची, मुख्य गिऱ्हाईक परकं सरकार. तरीही १९४१ च्या उन्हाळ्यानंतर तिथं जोडलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान आकाशात गेलं.

पण जे गिऱ्हाईक होतं, तेच आता मालक होऊ पाहत होतं. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार एक-तृतीयांश भागाचं धनी झालं. जपान युद्धात उतरल्यावर, एप्रिल १९४२ मध्ये, सरकारनं वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. म्हैसूर संस्थानानं आपला हिस्सा सोडला नाही, तरी कारभार सरकारकडेच गेला. नोंदणीपासून ताबा जाईपर्यंत जेमतेम सोळा महिने! मोबदला मिळाला, हे खरं. बँकवाल्याच्या हिशेबात खातं तिथं मिटतं. पण पैसाच हवा असता, तर तो सोलापूरच्या पेढीवरही मिळत होता.

सरकारनं कारखाना बुडवला, असं मात्र म्हणता येत नाही. १९४३ पासून अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती तिथं होऊ लागली, आणि विमानांची उघडझाप करता करता असंख्य हातांत कसब आलं. युद्धानंतर त्याच हातांनी रेल्वेचे डबे बांधले. १९५१ साली हसूरच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या आराखड्याचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं. ते या देशात आखलेलं आणि बांधलेलं होतं. पुढे मिग विमानांसाठी १९६३ साली काढलेली सरकारी कंपनी आणि वालचंदांची कंपनी १९६४ च्या ऑक्टोबरात एक झाल्या. त्यातून ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ आली. ओझर त्याच घरातलं.

वालचंदांनी नंतर कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभारला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली. तीही पुढे सरकारकडेच गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले. एचटी-२ उडालं तेव्हा ते हयात होते, पण त्या कारखान्यात त्यांचा एकही भाग नव्हता.

नियमांचं मला वाईट वाटत नाही. ठेवीदारांचे पैसे राखायचे, तर ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी हवंच. खंत वेगळीच आहे. सातपूरच्या त्या तरुणानं आपल्या पिशवीतून एक लहानसा चकाकता भाग काढून माझ्या टेबलावर ठेवला होता. तो भाग विमानात कुठं बसतो, एवढंही मी त्याला विचारलं नाही.