दहा हजार बंदुकांचा मक्ता

जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्यांची इथे अमेरिकेत एक वेगळीच जमात आहे. आपल्याकडच्या संग्रहालयांतून जामगीच्या बंदुका पाहिलेल्या वाचकांना चकमकीच्या बंदुकीची कळ चटकन समजेल. पेटती वात नाही. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की गार पोलादावर घासते, ठिणगी रंजकीत पडते आणि नळीतली दारू पेट घेते. अशा ज्या बंदुकीच्या कळीवर गरुड आणि न्यू हेवन ही अक्षरे कोरलेली सापडतात, तिला संग्राहकांत मोठा मान. ती एली व्हिटनीच्या कारखान्यातली.

व्हिटनीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो गावचा. बाप शेतकरी, पण घरी हत्यारांची खोली होती. स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडचा माल आटला तेव्हा या पोराने तिथे खिळे पाडून विकले. येलची पदवी १७९२ साली मिळाली आणि शिकवणीच्या नोकरीसाठी तो दक्षिणेत गेला. जॉर्जियात जनरल ग्रीन यांच्या विधवेच्या मळ्यावर राहत असताना त्याने कापसातली सरकी काढण्याचे यंत्र केले. आपली हाताची चरकी फार जुनी, पण आखूड धाग्याच्या, सरकीला घट्ट चिकटलेल्या अमेरिकन कापसापुढे तसल्या लाटण्यांचे काही चालत नसे.

पेटंट १७९४ चे. पण व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यांनी पिंजलेल्या कापसाचा दोन पंचमांश हिस्सा मागितला, मळेवाले बिथरले आणि ज्याने त्याने यंत्राची नक्कल केली. पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला. या यंत्राची दुसरी बाजू त्याहून काळी. कापूस परवडू लागला तशी गुलामांची मागणी वाढली. १७९० साली सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० साली चाळीस लाखांच्या घरात गेले. व्हिटनीने हे योजले नव्हते हे खरे, पण त्याचे चरित्र सांगताना हा आकडा गाळणे आम्हांला रास्त वाटत नाही.

कर्जात बुडालेल्या या माणसाला फ्रान्सशी होऊ घातलेल्या लढाईने हात दिला. १४ जून १७९८ रोजी त्याने सरकारशी करार केला: दहा हजार बंदुका, दर नगास १३ डॉलर ४० सेंट, मुदत सव्वादोन वर्षांची. नमुना मात्र फ्रेंच शार्लव्हिल बंदुकीचाच! स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातून १७९५ साली अवघ्या २४५ बंदुका निघाल्या होत्या, आणि व्हिटनीने तोवर एकही केली नव्हती. ना कारखाना, ना कारागीर. होती ती एक कल्पना: प्रत्येक भाग यंत्राने असा एकसारखा करायचा की कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसावा. कल्पनाही त्याची एकट्याची नव्हे; फ्रान्सचा बंदूककार ब्लां याचे काम जेफर्सन यांनी १७८५ सालीच पॅरिसला पाहिले होते.

मुदत टळली. न्यू हेवनजवळ मिल नदीच्या काठी कारखाना उभा राहिला, पण पहिल्या पाचशे बंदुका पोहोचल्या १८०१ साली आणि शेवटच्या १८०९ मध्ये. मधे जानेवारी १८०१ मध्ये त्याने वॉशिंग्टनला अध्यक्ष ॲडम्स आणि जेफर्सन यांच्यासमोर सुट्या भागांचे प्रात्यक्षिक केले आणि सरकारचा धीर टिकवला. शाळेच्या पुस्तकांतून हीच गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. पण १९६० साली इतिहासकार वुडबरी यांनी तिला आव्हान दिले. उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तर भाग अदलाबदल करता येईनात. काहींवर जोड्या जुळवण्यासाठी केलेल्या खुणा निघाल्या. खरे अदलाबदलीचे भाग १८२० नंतर हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने करून दाखवले.

मग व्हिटनी ठकसेन होता काय? आमचे मत तसे नाही. कसबी कारागीर नसताना त्याने दहा हजार बंदुका पुऱ्या केल्या, आणि १८१२ साली सरकारने त्यालाच आणखी पंधरा हजारांचा मक्ता दिला. वचन मोठे होते, काम त्याहून लहान, पण काम झाले.

लग्न त्याने एक्कावन्नाव्या वर्षी केले. पुढे दुखण्याने गाठले आणि ८ जानेवारी १८२५ रोजी तो वारला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. भाच्यांनी कारखाना सांभाळला. मोठेपणी याच मुलाने १८४७ साली कोल्टची पिस्तुले करून दिली. कारखाना १८८८ साली विंचेस्टर कंपनीने घेतला.

वाचकांपैकी कोणी अशी बंदूक विकत घेणार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे. १८४०-५० च्या दशकांत चकमकीच्या बहुतेक सरकारी बंदुका केपाच्या करण्यात आल्या. त्यांतल्याच काही व्यापाऱ्यांनी पुन्हा चकमकीच्या बनवून चढ्या भावाने खपवल्या आहेत. नळीच्या कानाजवळ डागडुजीचा सांधा दिसतो का, घोडा पट्टीइतकाच जुना आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत.