साखरेच्या चढउतारांचा हिशेब मांडणारा वैद्य : डॉ. रॉबिन लॉरेन्स

मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक मधुमेहाने त्रस्त होते, तेव्हा या विकारावर कडक पथ्याखेरीज खात्रीचा उपाय नव्हता. ऑगस्ट १९२० मध्ये लोकमान्य गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये एका तरुण डॉक्टरला मधुमेहाने गाठले, तेही आज ज्याला ‘टाइप वन’ म्हणतात त्या रूपात. यात शरीरातील इन्सुलिनची निर्मिती जवळजवळ थांबते. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूची चाहूलच होती.

रॉबर्ट डॅनियल ऊर्फ रॉबिन लॉरेन्स यांचा जन्म १८९२ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची उडून त्यांच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि तपासणीत मधुमेह उघडकीस आला. शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न तेथेच संपले. अर्धपोटी राहून दिवस ढकलायचे, एवढेच हाती उरले. आपले मरण घरच्यांना पाहावे लागू नये म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स येथे जाऊन व्यवसाय करू लागले.

इकडे कॅनडातील टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या किशोरवयीन मुलाला इन्सुलिन टोचले गेले होते. पुढे लंडनहून जुने सहकारी डॉ. हॅरिसन यांनी औषध गुणकारी असल्याचे कळवले. खंगलेले लॉरेन्स मोटारीने युरोप ओलांडून परतले. ३१ मे १९२३ रोजी त्यांना पहिले इंजेक्शन मिळाले.

प्राण वाचले, खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढे, अधिक झाले तर घाम, कंप आणि भोवळ. कालचीच मात्रा आज चुकीची ठरे. लॉरेन्स यांनी या लहरीपणाला दैव मानले नाही. त्यामागील कारणे ते शोधत राहिले. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. आहारासाठी त्यांनी सोपे कोष्टक आखले. त्यातील एका ‘काळ्या’ वाट्यात १० ग्रॅम कर्बोदके असत, त्यामुळे सामान्य रुग्णालाही जेवणाचा हिशेब ठेवता येई. १९२५ मध्ये आलेले त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक रुग्ण आणि डॉक्टर या दोघांसाठी होते.

१९३४ मध्ये आपले रुग्ण व ख्यातनाम लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेहींची संघटना उभी केली. पुढे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. विवाह, तीन मुलगे, भरभराटीचा व्यवसाय हे सारे त्यांना इन्सुलिनच्या सोबतीने लाभले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी ते निवर्तले.

आज घरोघरी ग्लुकोमीटर आहेत. तरीही नव्याने निदान झालेल्या मुलाच्या आईची झोप मध्यरात्रीच्या घसरत्या आकड्याने उडतेच. आकडा बिघडला म्हणजे कोणी अपराधी ठरत नाही. तो अन्न, श्रम, आजार आणि औषध यांचा हिशेब पुन्हा मांडण्याचा इशारा असतो. लॉरेन्स यांनी हा हिशेब ४५ वर्षे स्वतःच्या देहावर मांडला.