डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस डॉ. वसंत रामजी खानोलकर हें नांव सुपरिचित आहे. भारतांतील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख करण्यांत येतो. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या, विशेषतः मढ, ओतूर व जुन्नर या बाजूच्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या, कानांवर तें आलें असेलच असें नाहीं. वास्तविक ज्या वस्तूंचा त्यांनीं शोध घेतला त्या आपल्या घरांतल्याच आहेत. कमरेचें धोतर, चंचींतील तंबाखू आणि चुन्याची डबी यांकडे शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहणारा हा पुरुष होता. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनीं १९२३ सालीं विकृतिशास्त्र हा विषय घेऊन संपादिली. रोगामुळें शरीराच्या घटकांत कोणते फेरफार होतात तें पाहणारें हें शास्त्र. विलायतेची मोठी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास त्या काळीं मुंबईंत दवाखाना थाटून द्रव्य व लौकिक हीं दोन्ही मिळविणें अवघड नव्हतें. खानोलकरांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र जवळ केलें. प्रथम ग्रँट मेडिकल कॉलेजांत व नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत ते अध्यापक होते.

या शास्त्राचें काम कसें चालतें हें मुलांस सांगावयास हवें. रोग्याच्या गांठीचा लहानसा तुकडा काढून तो फॉर्मॅलीनमध्यें ठेवतात, म्हणजे तो कुजत नाहीं. पुढें त्यांतील पाणी काढून तो मेणांत बसवितात आणि मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर त्याचे पापुद्रे कापतात. पापुद्रा इतका पातळ कीं, असे दोनशें एकावर एक ठेविले तर जेमतेम एक मिलिमीटर जाडी भरावी. तो कांचेवर पसरून दोन रंगांत रंगविला म्हणजे पेशींचीं केंद्रें निळीं व भोंवतालचा भाग गुलाबी दिसूं लागतो. निरोगी कातडीच्या पेशी विटांच्या भिंतीप्रमाणें थरावर थर रचलेल्या असतात. कर्करोगांत ही शिस्त मोडते. केंद्रें मोठीं, काळपट व वेडींवांकडीं होतात, पेशी भराभर दुभंगतात आणि आपली मर्यादा सोडून खालच्या मांसांत शिरतात. हें चित्र वाचण्यास डोळा तयार व्हावा लागतो. आणि त्या वाचनावर एखाद्या माणसाचा जबडा कापावयाचा कीं राखावयाचा हें ठरत असतें. अलीकडे अशा कांचांचीं छायाचित्रें संगणकांत घेऊन केंद्रें मोजण्याची व मापण्याची सोय झाली आहे. खानोलकरांच्या उमेदीच्या काळांत हें सारें डोळ्यांनीं व हातांनींच व्हावयाचें.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटांच्या न्यासानें परळ येथें बांधलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांचें प्रमुखपद खानोलकरांकडे आलें. कर्करोग हा पाश्चात्यांचा रोग आहे, हिंदुस्थानांत तो विरळा, अशी समजूत तोंवर पुष्कळ डॉक्टरांतही होती. परळच्या टेबलावर येऊन पडणाऱ्या कांचा निराळेंच सांगत होत्या. १९४४ सालीं खानोलकरांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनें एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला.

येथें त्यांच्या बुद्धीचा विशेष दिसतो. कांच पाहून हा कर्करोग आहे इतकें कळतें. तो याच जागीं कां झाला हें कांच सांगत नाहीं. त्यासाठीं यंत्रावरून मान वर करून रोगी कोठला, काय नेसतो, काय खातो, तंबाखूची गोळी तोंडांत नेमकी कोठें धरतो, हें विचारावें लागतें. १९४५ सालीं डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं चालीरीतींशीं निगडित अशा तीन प्रकारच्या कर्करोगांचें वर्णन केलें. बिहारकडे तंबाखू व चुना मळून ती खैनी खालच्या ओंठाच्या आंत धरतात. तेथें रोग त्या खळग्यांत. आंध्रच्या किनाऱ्यावर कांहीं लोक चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत ठेवून ओढतात. तेथें तो टाळूवर. आणि वर्षानुवर्षें धोतर घट्ट आवळून नेसणाऱ्या कांहीं जणांस कमरेच्या त्याच जागीं, घर्षणानें व घामानें कातडी खराब होऊन, तो झालेला आढळला. धोतर नेसणाऱ्या आजोबांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. हा शेवटचा प्रकार फार विरळा आहे. परंतु पहिल्या दोहोंचा युक्तिवाद पाहावा. देश एक, माणसें एक, तंबाखूही एकच. संवय जेथें सरकते तेथें रोगही सरकतो. याहून बोलका पुरावा आमच्या मतें क्वचितच मिळेल. विडी-सिगारेट ओढणें व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे इंग्लंड-अमेरिकेंतील प्रसिद्ध निबंध १९५० सालचे आहेत, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अशी नजर त्यांच्यापूर्वीं कोणास नव्हती असें मात्र नाहीं. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं धुरांडीं झाडणाऱ्या पोरांच्या रोगाचें मूळ काजळींत दाखविलें होतें. काश्मिरांत थंडीसाठीं पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या चटक्यांनीं होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरांनीं १८६६ सालीं केलें होतें. खानोलकरांनीं या निरीक्षणास हजारों कांचांचें बळ दिलें.

आमच्या बाजूस पुरुष तंबाखू-चुना मळतात व पुष्कळ बायका सकाळीं मिश्री लावतात. मिश्री म्हणजे दांतांचें औषध अशी भाबडी समजूत घरोघर आहे. ती तंबाखूच, भाजून पूड केलेली. मुलांनीं हा लेख घरीं मोठ्यानें वाचून दाखविला तर कोणी रागावूं नये इतकीच आमची विनंती.

खानोलकरांचें दुसरें मोठें काम कुष्ठरोगावरचें. जुने लोक ज्यास महारोग म्हणत, त्याचे जंतु हान्सेन यांनीं १८७३ सालीं नॉर्वेंत पाहिले. खानोलकरांनीं रोगाच्या अगदीं आरंभींचे चट्टे तपासले आणि कातडींतील बारीक मज्जातंतूंकडे लक्ष वेधलें. जंतूंचें घर तेथें असतें. म्हणून चट्टा बधिर होतो, चटका लागला तरी कळत नाहीं, आणि दुखापतीवर दुखापत होऊन बोटें जातात. हें नीट समजलें तर रोग्यास शापित मानण्याची रूढी आपोआप लटकी पडते. हे जंतु शरीराबाहेर वाढवितां येत नाहींत, ही मोठीच अडचण. १९५८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यापासून मिळालेले एक जातीचे जंतु वाढविल्याचें जाहीर केलें. ते खरे कुष्ठजंतु नव्हेत असें पुढें ठरलें. तरी त्यांपासून लस तयार करून तिची चांचणीही घेण्यांत आली.

१९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितींतही ते बसले, १९६० ते १९६३ पर्यंत मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते व पद्मभूषण झाले. मानमरातबांची ही यादी आणखी वाढवितां येईल, पण आम्हांस त्यांच्या शिष्यपरिवाराचें मोल अधिक वाटतें. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले.

त्या शिष्यांत पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या अग्रगण्य. त्यांनीं १९४९ सालीं खानोलकरांच्या हाताखालीं पीएच. डी. मिळविली, अमेरिकेंत जाऊन पेशी कांचपात्रांत वाढविण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या केंद्रांत तशी प्रयोगशाळा उभारली. गुरूचा माणसाकडे पाहण्याचा वसाही त्यांनीं घेतला. मढहून खिरेश्वरास जाऊन टोलार खिंडीनें हरिश्चंद्रगड ओलांडला म्हणजे पलीकडे अकोलें तालुका लागतो. तेव्हां तो अहमदनगर जिल्हा म्हणून ओळखला जाई. जन्मभर पेशी पाहिलेल्या या बाई पुढें त्या डोंगरी तालुक्यांत गेल्या आणि तेथील आदिवासी मुलांस पोटभर व पोषक अन्न मिळतें कीं नाहीं याची त्यांनीं पाहणी केली.