विश्लेषण : रोज वीस ‘ट्राबुको’! छोट्या सिगारने फ्रॉइड यांना काय दिले, काय हिरावले?

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे एकही गाजलेले छायाचित्र सिगारशिवाय आठवत नाही. पांढरी दाढी, रोखलेली नजर आणि बोटांत सिगार. ती सिगार बहुतेक वेळा महागडी क्युबन नव्हती. ती होती ऑस्ट्रियाच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, आकाराने लहान ‘ट्राबुको’. दिवसाला साधारण वीस. या सवयीवर त्यांनी आयुष्यभर प्रेम केले, तिच्यावर सिद्धान्त मांडले, ती सोडण्याचे प्रयत्न केले आणि अखेर तिची जबर किंमत मोजली.

ट्राबुको म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रियात तंबाखूवर सरकारची मक्तेदारी होती. सम्राट दुसरा योझेफ याने १७८४ मध्ये ती स्थापन केली. पिकवण्यापासून विकण्यापर्यंत सारे सरकारच्या हातात. विक्रीची परवानाधारक दुकाने असत आणि त्यांना आजही ‘ट्राफिक’ म्हणतात. (वाहतुकीशी त्याचा काही संबंध नाही.) युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हे परवाने देण्याची जुनी पद्धत होती. सम्राट फ्रान्त्स योझेफला लांब, काडीसारखी बारीक ‘व्हर्जिनिया’ आवडे. ट्राबुको तिच्यापेक्षा वेगळी होती. लहान आणि चवीला तुलनेने सौम्य. सरकारी कारखान्यांच्या मालात ती सर्वात चांगली मानली जाई.

लहान सिगारचा एक गुण जाणकार नेहमी सांगतात. सिगारमध्ये आत भरण, त्याभोवती बांधणीचे पान आणि सर्वात वर देखणे आवरणपान असते. सिगार जितकी बारीक, तितका भरणाच्या तुलनेत आवरणपानाचा वाटा जास्त, आणि त्यामुळे त्या पानाची चव जिभेला अधिक ठळकपणे लागते. मोठी सिगार तासभर चालते, तर लहान अर्ध्या तासात संपते. ती घाईने ओढली की लगेच तापते आणि कडवट लागते, म्हणून सावकाश ओढावी लागते. दिवसभर रुग्णांचे बोलणे ऐकत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट सोयीची होती.

फ्रॉइड यांना याहून चांगल्या सिगार ठाऊक नव्हत्या असे नाही. ‘डॉन पेद्रो’, ‘रेना कुबाना’ आणि हॉलंडच्या चिमुकल्या ‘लिलिपुटानो’ त्यांना अधिक प्रिय होत्या. पण त्या परदेशातून आणाव्या लागत. प्रवासात मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर मित्रांनी पाठवलेल्या. रोजची सोबत ट्राबुकोचीच.

ही सवय लागली कधी?

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातल्या फ्रायबर्ग गावी झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब लोकरीचे व्यापारी. धंदा बसला तेव्हा कुटुंब आधी लाइपझिगला आणि १८६० मध्ये व्हिएन्नाला आले. वडील सिगारचे मोठे शौकीन होते आणि ऐंशी पार करून गेले. मुलाच्या मनात धोक्याची घंटा वाजली नाही, याचे एक कारण कदाचित हेही असेल.

१८८१ मध्ये ते डॉक्टर झाले. चोविसाव्या वर्षी सिगारेटने सुरुवात केली आणि थोड्याच काळात फक्त सिगारवर आले. त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात आणखी एक पदार्थ डोकावला. १८८४ मध्ये त्यांनी कोकेनवर भरभरून स्तुती करणारा निबंध लिहिला. मॉर्फिनच्या विळख्यात सापडलेल्या एर्न्स्ट फ्लाइश्ल-मार्क्सोव या मित्राला त्यावर उतारा म्हणून कोकेन सुचवले, आणि मित्र कोकेनच्याही आहारी गेला. फ्रॉइड स्वतः मात्र पुढे त्यातून बाहेर पडले. कोकेन सुटले, सिगार सुटली नाही.

१८८६ मध्ये दवाखाना, त्याच वर्षी मार्था बर्नाइस यांच्याशी विवाह, १८९१ पासून बेर्गगासे १९ हा पत्ता. तिथे ते ४७ वर्षे राहिले. सकाळी आठपासून रुग्ण, दुपारी एकला जेवण, मग व्हिएन्नाच्या रस्त्यांवरून झपझप फेरफटका. या फेरीत मिखाएलर चर्चजवळच्या तंबाखूच्या दुकानात सिगार घेणे ठरलेले. पुन्हा रुग्ण, आणि रात्री उशिरापर्यंत लेखन. या साऱ्या वेळात हातात सिगार. ‘स्वप्नांचा अर्थ’ हा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस आला. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षे लागली.

१९०२ पासून दर बुधवारी रात्री त्यांच्याकडे मोजकी मंडळी जमू लागली. आल्फ्रेड आडलर आणि विल्हेल्म श्टेकेल त्यातलेच. पुढे व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संघटनेचे रूप घेणारी ही बैठक काळी कॉफी, केक आणि सिगारवर चाले. टेबलभर रक्षापात्रे मांडलेली असत. बैठक संपल्यावर त्या खोलीत माणसांनी तासन्तास श्वास कसा घेतला असेल, याचे फ्रॉइड यांच्या मुलाला नवल वाटे.

सोडण्याचा प्रयत्न केला होता का?

केला होता, एकदा नव्हे अनेकदा. १८९३-९४ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागले. बर्लिनचे नाक-कान-घसातज्ज्ञ मित्र विल्हेल्म फ्लीस यांनी धूम्रपान पूर्ण बंद करायला सांगितले. फ्रॉइड यांनी ते पाळले. मग जे झाले ते त्यांनी पत्रांतून मित्राला तपशीलवार कळवले. मन उदास, कामात लक्ष नाही, मृत्यूचे विचार. काही आठवडे निघाले आणि सिगार परत आली. आज याला आपण निकोटिनची तलफ म्हणू. फ्रॉइड मात्र सिगारशिवाय विचारच सुचत नाहीत, अशा निष्कर्षाला आले. व्यसनाने माणसाला पटवून दिलेले हे सर्वात चिवट कारण असावे.

गंमत अशी की, या सवयीची मुळे त्यांनी स्वतःच उकलून दाखवली होती. १८९७ मध्ये फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रात तंबाखूसह सारी व्यसने ही बालपणीच्या एका मूळ लैंगिक सवयीची पर्यायी रूपे असल्याचा तर्क त्यांनी मांडला. १९०५ च्या लैंगिकतेवरील तीन निबंधांत तर त्यांनी अंगठा चोखणाऱ्या बाळाचा दाखला दिला. ओठांच्या सुखाची ओढ ज्या बाळांत प्रबळ असते, ती मोठेपणी मद्यपान आणि धूम्रपानाकडे झुकू शकतात, असे त्यात आहे. दुसऱ्यांच्या सवयींचा इतका खोल छडा लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या सिगारला मात्र जाहीर विश्लेषणापासून दूरच ठेवले.

सिगार कधी कधी फक्त सिगारच असते, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या नावावर सर्रास खपवले जाते. ते त्यांच्या लेखनात कुठेही सापडत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ते छापील लेखनात दिसू लागले.

धोक्याचा पहिला इशारा कोणता?

पहिल्या महायुद्धात व्हिएन्नात अन्न, कोळसा, तंबाखू सगळ्याचीच टंचाई झाली. नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रॉइड यांनी बुडापेस्टचे सहकारी शान्डोर फेरेन्त्सी यांना एक पत्र लिहिले. शेवटची सिगार संपली, तेव्हापासून चिडचिड, थकवा, छातीत धडधड आणि टाळूला दुखरी सूज. मग एका रुग्णाने पन्नास सिगार आणून दिल्या. एक पेटवली, चित्त प्रसन्न झाले आणि टाळूची सूजही ओसरली, असा त्या पत्राचा आशय. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. सूज त्याच टाळूला होती, आणि औषध म्हणून त्यांनी आजाराच्या कारणालाच जवळ केले.

फेब्रुवारी १९२३ मध्ये तोंडात पांढरा चट्टा आणि गाठ दिसली. त्यांनी स्वतः तिला ल्युकोप्लाकिया ठरवले. गुटखा, मिश्री आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग महाराष्ट्रातल्या घराघरांना ठाऊक आहे. असा पांढरा चट्टा ही त्याची आधीची पायरी असू शकते. फ्रॉइड दोन महिने गप्प राहिले, कारण डॉक्टर सर्वात आधी सिगार बंद करतील ही भीती होती. एप्रिलमध्ये फेलिक्स डॉइच यांनी तपासले, कर्करोग ओळखला, पण रुग्णाला सांगितला नाही.

पहिली शस्त्रक्रिया मार्कुस हायेक यांनी बाह्यरुग्ण विभागात उरकली. नंतर रक्तस्राव सुरू झाला. खोलीत सोबत होता खुरटलेल्या वाढीचा एक मतिमंद रुग्ण. घंटी वाजेना, तेव्हा त्यानेच धावत जाऊन परिचारिकेला आणले. आधुनिक मानसशास्त्राचा इतिहास त्या दुपारी एका अनाम माणसाच्या धावण्यावर टिकून राहिला. त्याच जूनमध्ये फ्रॉइड यांचा लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. वय जेमतेम साडेचार. स्वतःच्या कर्करोगापेक्षा हा घाव त्यांना अधिक लागला.

कर्करोगानंतर तरी सिगार सुटली का?

ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिखलर यांनी उजवा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढला. तोंड आणि नाक यांच्यामधले भगदाड बुजवायला एक मोठी कृत्रिम टाळू बसवली गेली. घरात तिला राक्षस म्हणत. ती बसवायची, काढायची, स्वच्छ करायची म्हणजे झटापट असे, आणि हे काम मुलगी आना करी. बोलणे अनुनासिक झाले, उजव्या कानाने ऐकू येईना. म्हणून रुग्णाचे कोच दुसऱ्या बाजूला सरकवले गेले. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. नवे चट्टे उठत, ते कापले वा जाळले जात, आणि धूम्रपान थांबवा हे प्रत्येक वेळी सांगितले जाई.

ते थांबले नाहीत. धाकटा भाऊ अलेक्झांडर यांचा मुलगा हॅरी याने सतराव्या वर्षी काकांनी पुढे केलेली सिगारेट नाकारली, तेव्हा काकांनी त्याची कीव केली. आयुष्यातल्या मोठ्या आणि स्वस्त सुखांपैकी एक तो आधीच नाकारतोय, असा त्यांचा सूर होता. हॅरीचा जन्म १९०९ चा. म्हणजे हा सल्ला जबडा कापून झाल्यानंतरचा आहे. सुख स्वस्त कसे, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल असे मानवत नाही. १९२९ मध्येही, कामाची ताकद आणि स्वतःवरचा ताबा आपल्याला सिगारमुळेच मिळाला, असे त्यांनी नोंदवून ठेवले.

१९३० मध्ये हृदयाच्या त्रासामुळे पन्नास वर्षांची सोबत संपल्याचे त्यांनी स्नेह्यांना कळवले. काही काळातच आधी एक, मग दोन, असे पुन्हा सुरू झाले. १९२९ पासून खासगी डॉक्टर असलेले माक्स शुर हे हताशपणे पाहत राहिले. शुर यांच्याकडून फ्रॉइड यांनी सुरुवातीलाच एक वचन घेतले होते. वेळ आली की विनाकारण यातना भोगायला लावायच्या नाहीत.

शेवट कसा झाला?

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. आनाला गेस्टापोने चौकशीसाठी नेले, त्यानंतर फ्रॉइड देश सोडायला तयार झाले. मारी बोनापार्त आणि अर्नेस्ट जोन्स यांच्या खटपटीने ४ जून १९३८ रोजी ते निघाले आणि पॅरिसमार्गे लंडनला पोहोचले. व्हिएन्नात राहिलेल्या त्यांच्या चार बहिणींचा पुढे नाझी छळछावण्यांत अंत झाला.

लंडनच्या २०, मेअर्सफील्ड गार्डन्स या घरात त्यांचे टेबल जसेच्या तसे मांडले गेले. १९३१ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या भारतीय मनोविश्लेषण संघटनेने पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्तीही व्हिएन्नाहून सोबत आली होती. पण रोग आता शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला. डोके बधिर होऊ नये म्हणून ते जोरकस वेदनाशामके नाकारत राहिले. जखमेला इतकी दुर्गंधी सुटली की त्यांचा लाडका चाऊ जातीचा कुत्रा जवळ यायला तयार नसे, खोलीच्या कोपऱ्यात दबून बसे. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांनी शुर यांना वचनाची आठवण दिली. आनाशी बोलून शुर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबरला फ्रॉइड गेले.

सिगारच्या साठ्याचे काय झाले?

व्हिएन्ना सोडण्याआधीच त्याची वाटणी झाली होती. १९ एप्रिल १९३८ रोजी अलेक्झांडर बहात्तर वर्षांचे झाले. थोरल्या भावाने त्यांना वाढदिवसाचे पत्र लिहिले. इतकी वर्षे एका शहरात राहून आता ताटातूट होणार, हे त्यात आहे. सोबत भेट होती वर्षानुवर्षे साठलेल्या चांगल्या सिगारची. मला आता ते सुख परवडत नाही, तुला अजून परवडते, असा मजकूर. अलेक्झांडरही पुढे ऑस्ट्रियातून निसटले आणि १९४३ मध्ये टोरांटोत वारले.