कृमींना कुळगोत्र देणारे रुडोल्फी

समुद्रपक्ष्याचे आतडे पाण्यात उघडावे, त्यातील फितीसारखे पांढुरके जीव वेचावेत, भिंगाखाली धरून त्यांच्या डोक्यावरील चूषके मोजावीत आणि मग ते मद्यार्काच्या बाटलीत जपून ठेवावेत, हे काम कोणाला विद्वानाचे वाटणार नाही. कार्ल आस्मुंड रुडोल्फी यांनी मात्र आयुष्याची जवळजवळ चार दशके याच कामाला दिली. आज महाविद्यालयातला विद्यार्थी प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ट्रेमॅटोडा, सेस्टोडा, नेमॅटोडा ही नावे पाठ करतो, तेव्हा त्याच्या नकळत तो रुडोल्फींचीच भाषा बोलत असतो. त्यांना परोपजीवी कृमींच्या शास्त्राचे जनक मानले जाते.

त्यांचा जन्म १४ जुलै १७७१ रोजी स्टॉकहोम येथे एका जर्मन कुटुंबात झाला. शिक्षण झाले ते बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्ड या विद्यापीठनगरीत. हा प्रदेश त्या काळी स्वीडनच्या राज्यात मोडत असे. १७९३ मध्ये त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला, तोच मुळी आतड्यांतील कृमींवर. पुढे वैद्यकाची पदवी, मग अध्यापन आणि पशुवैद्यकाचा अभ्यास असा त्यांचा क्रम राहिला. समुद्र जवळ असल्याने मासे आणि जलपक्षी त्यांना सहज उपलब्ध होते. मधल्या काळात वनस्पतींच्या सूक्ष्म रचनेवरही त्यांनी संशोधन केले आणि ग्योटिंगेनच्या विज्ञानसंस्थेचे पारितोषिक लिंक या वनस्पतिशास्त्रज्ञासमवेत मिळवले. तरी त्यांचे मन रमले ते कृमींतच.

त्या वेळी या विषयाची अवस्था अडगळीच्या खोलीसारखी होती. लिनीअस यांनी ज्यांना पाठीचा कणा नाही अशा असंख्य जीवांना ‘कृमी’ या एकाच वर्गात कोंबले होते. त्यात गोगलगाय होती, गांडूळ होते आणि आतड्यातला जंतही होता. निरनिराळ्या अभ्यासकांनी एकाच कृमीला निरनिराळी नावे दिली होती. झेडर या जर्मन वैद्यांनी परोपजीवी कृमींचे पाच गट आपल्या भाषेत सांगितले होते. रुडोल्फींनी ती मांडणी घेतली, प्रत्येक गट तपासला आणि १८०८ ते १८१० या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत लॅटिन ग्रंथात त्यांना ग्रीक मुळांची नावे दिली. सुतासारखे ते नेमॅटॉइडिया, काटेरी डोक्याचे ते अकँथोसेफाला, चूषकांची छिद्रे असलेले पर्णकृमी ते ट्रेमॅटोडा, पट्ट्यासारखे ते सेस्टॉइडिया आणि द्रवाने भरलेल्या फोडासारखे ते सिस्टिका.

ग्रंथ पुरा होत असतानाच, १८१० मध्ये, नव्याने उघडलेल्या बर्लिन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथील संग्रहालय त्यांनी वाढवले आणि स्वतःचा कृमिसंग्रहही सतत समृद्ध केला. इटलीच्या प्रवासातही त्यांनी किनाऱ्यावरचे मासे आणि पक्षी तपासण्याची संधी सोडली नाही. या सर्व सामग्रीतून १८१९ मध्ये त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात शेकडो जातींची वर्णने आहेत आणि कोणता कृमी कोणत्या प्राण्याच्या कोणत्या अवयवात सापडला याची नोंद आहे.

समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही परिचित आहे तो एका नावामुळे. टेट्राबोथ्रियस, म्हणजे चार खळगे असलेला. हा पट्टकृमी आपल्या डोक्यावरील चार चूषकांनी आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. अल्बाट्रॉस, पेट्रेल, गॅनेट अशा खुल्या समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या अनेक जाती आढळतात आणि देवमाशांतही त्याच प्रजातीचे कृमी सापडतात. पक्षी आणि देवमासा यांची शरीरे किती भिन्न, पण दोघांचे अन्न एकाच समुद्रातले. कृमीची वाट या अन्नातून जाते, हे पुढे उलगडत गेले.

ते उलगडले रुडोल्फींच्या मताविरुद्ध. हे कृमी बाहेरून येत नाहीत, आश्रय देणाऱ्या प्राण्याच्या शरीरातच आपोआप निर्माण होतात, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच फोडासारख्या कृमींचा त्यांनी स्वतंत्र गण मानला. वास्तविक डेन्मार्कचे पशुवैद्य आबिल्डगॉर यांनी १७९० मध्येच एक महत्त्वाचा धागा दाखवला होता. काटेमाशाच्या पोटातील चपटे कृमी बदकांना खाऊ घातल्यावर ते बदकांच्या आतड्यात वाढतात, असे त्यांना दिसले होते. या प्रयोगाचा पूर्ण अर्थ लागायला मात्र अर्धे शतक लोटावे लागले. १८४२ मध्ये स्टीनस्ट्रुप यांनी एकाच जीवाच्या पिढ्या वेगवेगळी रूपे घेतात हे मांडले. १८५० च्या दशकात क्युखेनमाइस्टर यांनी फोडकृमी खाऊ घालून त्यांपासून पट्टकृमी वाढवून दाखवले. सिस्टिका हा गण तेव्हा पुसला गेला, कारण ते निराळे प्राणी नव्हते, पट्टकृमींचीच बाल्यावस्था होती.

ही चूक लहान नव्हती. कृमी आपोआप होतो असे मानले, की त्याची वाट अडवण्याचा विचारच खुंटतो. मांस नीट शिजवण्याचे महत्त्व कळायला कृमीचा प्रवास आधी कळावा लागतो. रुडोल्फींच्या अधिकारामुळे जुनी समजूत काही काळ अधिक बळकट राहिली, हे मान्य करावेच लागेल. पण त्याच रुडोल्फींनी आपल्या मतासाठी नोंदी वाकवल्या नाहीत. कोणते रूप कोणत्या माशात आणि कोणते कोणत्या पक्ष्यात, हे त्यांनी जसे पाहिले तसे लिहून ठेवले. माशातले अपक्व रूप आणि पक्ष्यातले पक्व रूप एकमेकांशी जोडू पाहणाऱ्यांना अशाच नोंदींचा आधार लागतो. ग्राइफ्सवाल्डच्याच परिसरात क्रेप्लिन यांनी हा धागा पुढे नेला आणि १८२९ मध्ये काटेमाशातून पक्ष्यात जाणाऱ्या त्या कृमीला शिस्टोसेफालस हे प्रजातीनाम दिले.

अध्यापक म्हणून रुडोल्फी निरीक्षणाचे आग्रही होते. निसर्गाविषयी हवेतले तत्त्वज्ञान रचण्याची तत्कालीन जर्मन विद्वानांतील हौस त्यांना रुचत नसे. जिवंत प्राण्यांची चिरफाड करण्याचाही त्यांना तिटकारा होता. त्यांचे शिष्य योहानेस म्युलर पुढे त्यांच्याच आसनावर बसले आणि म्युलर यांच्या हाताखाली श्वान, फिरखो, हेल्महोल्ट्झ यांची पिढी घडली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किन्ये हे त्यांचे जावई.

२९ नोव्हेंबर १८३२ रोजी बर्लिन येथे रुडोल्फींचे निधन झाले. आपल्या मतावरचा अखेरचा आघात पाहण्यास ते उरले नाहीत. त्यांचा कृमिसंग्रह बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही सांभाळलेला आहे. अल्बाट्रॉसच्या पोटातील कृमीचे नाव लिहिताना अभ्यासक प्रजातीनामापुढे रुडोल्फी, १८१९ असे लिहितात. त्यांचा सिद्धान्त काळाबरोबर गेला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या राहिल्या आणि त्यांच्या मताची पारख करणाऱ्यांनाही त्या चिठ्ठ्या वाचूनच पुढे जावे लागले.