ग्रंथालये लोकांच्या स्वाधीन करणारा राजा
श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव महाराज यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळाच. त्यांच्या ग्रंथालयकार्याची माहिती मात्र अनेकांस नसते. म्हणून तोच विषय आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले, तोवर विद्येशी त्यांचा संबंध बेताचाच होता. बाराव्या वर्षी अभ्यासास बसलेल्या या मुलाने १८८१ साली राज्यकारभार हाती घेतला, १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे त्यांनी ओळखले.

अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. १९१० साली तेथील ग्रंथपाल बॉर्डन यांस त्यांनी बडोद्यास आणविले. राजवाड्यातील हजारो ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले आणि ते जातिधर्माचा भेद न मानता सर्वांस विनामूल्य खुले केले. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे व हवे ते पुस्तक काढून पाहावे, अशी सोय झाली. स्त्रिया व मुले यांसाठी स्वतंत्र दालने निघाली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या.

या योजनेचे खरे मर्म आम्हांस तिच्या खर्चाच्या व्यवस्थेत दिसते. खेड्यातील ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यावी, असा नियम होता. महाराजांच्या मनात असते, तर सर्व खर्च तिजोरीतून करणे त्यांस अवघड नव्हते. पण केवळ राजाच्या मर्जीवर चालणारे ग्रंथालय राजाची मर्जी फिरताच बंद पडते. ज्यात गावाचा पैसा आहे, त्याच्याविषयी जाब विचारण्याचा अधिकार गावास राहतो.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सत्ता गेली, तरी मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे.

आज गावोगावी वाचनालयांस सरकारी अनुदान मिळते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि अनुदानामागून पक्ष येतो आणि कपाटात कोणते पुस्तक असावे हे तो ठरवू लागतो, असे होऊ देता कामा नये. आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी प्रत्येक कुटुंबाने भरावी, त्याच्या सभेस उपस्थित राहावे, आणि ते केवळ आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता सर्वांस खुले असावे असा आग्रह धरावा. महाराजांचे स्मरण याहून निराळे ते कोणते?