वंशावळीत नाव नसलेली लेक : वऱ्हाडच्या ताराबाई शिंदे



चौथीच्या मुलांना 'माझे कुटुंब' हा उपक्रम तुम्हीही देत असालच. मी मुलांना घरून वंशावळ लिहून आणायला सांगितली. वह्या तपासायला घेतल्या तर पणजोबा, आजोबा, काका अशी सगळी नावं अगदी ठसठशीत लिहिलेली. बायकांच्या रकान्यात मात्र नुसतं 'आजी'. आजीचं नाव काय, असं विचारलं तर अर्धा वर्ग गप्प! तेव्हा मला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे आठवल्या. त्यांची वंशावळ शोधायला बसलो की हाच घोळ होतो.

ताराबाई बुलडाण्याच्या. जन्म 1850 चा. निजामाने 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला, म्हणजे त्यांचं बालपण नव्या राजवटीतलं. वडील बापूजी हरी शिंदे. त्यांच्याबद्दल बरंच सापडतं. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. 1871 मध्ये सुशिक्षित लोकांना उद्देशून एक छोटं पुस्तक त्यांनी काढलं आणि पुढे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी ते जोडले गेले. घरात चार मुलगे आणि लेक एकटी ताराबाई. तिथे मुलींची शाळा नव्हती, म्हणून बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. पालकहो, जरा थांबून बघा. चार मुलगे असलेल्या मराठा घरातला बाप कचेरीतून आल्यावर मुलीला पाटीवर धडे देतो आहे, आणि तेही त्या काळात!

लग्न लहानपणीच झालं. नवरा घरजावई म्हणून शिंद्यांकडेच राहायला आला, त्यामुळे सासुरवासाचा जाच वाचला आणि वाचन सुटलं नाही. मूलबाळ झालं नाही. म्हणजे वंशावळीच्या हिशेबाने ही फांदी इथेच संपली.

पण 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळली. 'पुणे वैभव' या सनातनी पत्राने त्या निमित्ताने एकूण बायकांनाच धारेवर धरलं. बुलडाण्यात ताराबाईंच्या ते वाचनात आलं आणि त्यांनी लेखणी उचलली. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुष तुलना' छापून झालं. प्रती 500, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक लहानसं आहे, पण भाषा अशी खणखणीत की आजही वाचताना दचकायला होतं. साधारण मांडणी अशी, की जे जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत का? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग विधवेनेच का जन्मभर कोंडून घ्यायचं? पुराणं, तेव्हाच्या कादंबऱ्या आणि नाटकं, कोणालाच त्यांनी सोडलं नाही. मला विशेष वाटतं ते हे, की विधवाविवाहाची बंदी आणि असल्या चालीरीती इतर जातींतही कशा शिरत चालल्या, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

टीका भरपूर झाली. आपल्याच बाजूच्या माणसांनी केली, तेव्हा 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि लेकीच्या मायेने त्यांचा उल्लेख केला. ताराबाईंनी मात्र पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. 1910 च्या सुमारास त्या गेल्या.

पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून 1975 मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, पुन्हा छापलं. मधे 93 वर्षं गेली! 1994 मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आलं, आणि आता परदेशातल्या विद्यापीठांतही बुलडाण्याच्या या बाईचा अभ्यास होतो.

वर्गात मी तक्ता बदलला आहे. प्रत्येक चौकटीत बाईचं माहेरचं नाव आणि गाव लिहायचं. तुम्हीही करून बघा. आधी स्वतःचा तक्ता भरा मात्र. माझ्या पणजीचं नाव सांगायला माझ्या आईला दोन दिवस लागले.